सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

आकड्यांना स्वभाव असतो हे ज्याला पटत नसेल, त्याने वर्षभर बँकेच्या काउंटरमागे बसून पाहावे. आपली मराठी भाषा मात्र हे फार पूर्वीपासून ओळखून आहे. दोन जावांचे पटेनासे झाले की आपण त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसले आहेत हे ज्याला प्रथम दिसले, तो गृहस्थ नक्की एकत्र कुटुंबात राहत असला पाहिजे. शहाणे साडेतीन, त्याहून जास्त नाहीत. विघ्ने सतरा, भानगडी सतराशे साठ. फसवणारा तो चारसोबीस. आता भारतीय दंड विधान २०२४ साली गेले, त्याच्या जागी न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ४२० चे ३१८ झाले. पण कुणाला रागाने 'तीनशे अठरा' म्हणून पाहा. समोरच्याला वाटेल, तुम्ही ब्लॉक नंबर विचारताय. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांचे तर नावच काढू नका. चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना या दोघांनी भल्याभल्या पदवीधरांना पेन तोंडात धरून छताकडे बघायला लावले आहे.

या सगळ्या गोतावळ्यात सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर या आकड्याला कुठेच जागा नाही. त्याच्यावर म्हण नाही, वाक्प्रचार नाही, आहेराच्या पाकिटात तो कुणी घालत नाही. दिसायलाही बेताचाच. बँकेत असे आकडे दिवसातून दहा वेळा डोळ्यांखालून जातात आणि एकही लक्षात राहत नाही. तरीसुद्धा जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत या आकड्याला एका मराठी शाळामास्तरांचे आडनाव लागलेले आहे. त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. आपल्या सगळ्यांची ओळख खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि आधार क्रमांक यांवरून पटवली जात असताना, एका आकड्याची ओळख माणसाच्या नावावरून पटावी ही गोष्ट मला फार सुखावते.

हा आकडा काय करतो ते आधी सांगतो. कागद-पेन्सिल घ्या. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे मला ठाऊक आहे, पण वजाबाकीची खरी मजा हातच्यात असते आणि मोबाइल हातचा दाखवत नाही. कुठलीही चार अंकी संख्या धरा. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. आपण आपली सतराशे साठ धरू. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ७६१०. मग लहानाकडून मोठ्याकडे: ०१६७. पहिलीतून दुसरी वजा करा. आले ७४४३. आता या उत्तराला पुन्हा तीच शिक्षा. ७४४३ वजा ३४४७, राहिले ३९९६. ९९६३ वजा ३६९९, राहिले ६२६४. ६६४२ वजा २४६६, राहिले ४१७६. ७६४१ वजा १४६७, राहिले ६१७४.

पुढे? पुढे काही नाही. ६१७४ चे अंक मांडले की पुन्हा तेच ७६४१ आणि १४६७, आणि वजाबाकी पुन्हा ६१७४. दिवसभर करत बसलात तरी तेच. सतराशे साठ भानगडी पाच वजाबाक्यांत मिटल्या. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एकसुद्धा अशी मिटलेली मी पाहिलेली नाही.

आणि हे काही एकट्या सतराशे साठचे नशीब नाही. गाडीचा नंबर घ्या, लग्नाचे साल घ्या, वाण्याच्या बिलाची रक्कम घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती संख्या ६१७४ च्या दारात येऊन उभी राहते. मध्ये एखादे उत्तर तीन अंकी आले तर डावीकडे शून्य लावून ते चार अंकी करून घ्यायचे, एवढे पथ्य मात्र पाळायचे. १००० घेतलेत तर पहिल्याच फटक्याला ९९९ येतात. इथे शून्य विसरलात की तिन्ही नऊ एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती भोपळा. ०९९९ लिहिलेत तर गाडी रुळावर राहते आणि पाचव्या वजाबाकीला मुक्कामी पोचते. डावीकडच्या शून्याला किंमत नसते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या बिचाऱ्याला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळत नसेल.

आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर एटीएमचा चार अंकी पिन. तो कुणाला सांगू नका म्हणून आम्ही बँकवाले घसा कोरडा करतो. तुम्ही तो देवघरात लपवा नाहीतर बायकोपासूनही लपवा, सातव्या वजाबाकीपर्यंत तो कुठे जाणार हे मला माहीत आहे. फक्त ज्यांनी ११११ ठेवला आहे त्यांचा ठावठिकाणा मी सांगू शकत नाही. त्यांची वजाबाकी पहिल्याच पायरीवर शून्य होते. त्यांच्या खात्याचेही तेच होण्याचा संभव असतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली आणि वडिलांनी वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. म्हणजे घरात आकडे दोन वाटांनी येत असणार. दिवसा हिशेबाचे, रात्री ग्रहांचे. कारकून आणि आकडे या विषयात मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. त्याच १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत आइन्स्टाइन नावाचा तिसऱ्या श्रेणीचा एक नोकर कचेरी सांभाळून भौतिकशास्त्राची उलथापालथ करत होता. १९१२ साली रामानुजन मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबनीस म्हणून चिकटले. कारकुनीत बुद्धीला काम नसते म्हणून ती इकडेतिकडे हिंडते आणि कधीकधी लांब जाते, असा माझा सिद्धांत आहे. आमच्या व्यवस्थापकांना तो मान्य नाही.

कापरेकरांची शाळा ठाण्याला झाली आणि कॉलेज पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. हे बक्षीस पाठांतराला नव्हते. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने काढलेल्या गणिताला होते. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत गणिताचे शिक्षक झाले. पुढची पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, हाताखाली मदतनीस नाही. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळालीलाच शिकवत होते. हाती एक पेन्सिल, आणि शाळा सुटल्यावर जो काही वेळ उरेल तेवढा.

आता या देवळालीविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी भाषेत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. अर्थ, डोक्याने सटकलेला. हा शब्द देवळालीवरून आला. इंग्रजांच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती, आणि हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सोल्जर विलायतेच्या बोटीची वाट पाहत त्या छावणीत राहत. बोटी वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच सुटायच्या. ज्याची बोट हुकली तो पुढचा हंगाम येईपर्यंत तिथेच. काम नाही, ऊन भरपूर, बायकामुले सातासमुद्रांपलीकडे. काही जणांची डोकी फिरत. त्याला हे लोक 'डूलॅली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. तेव्हा ज्या गावाने साहेबाच्या भाषेला वेडेपणासाठी शब्द पुरवला, त्याच गावात एक मास्तर रोज संध्याकाळी बसून आकड्यांचे अंक उलटसुलट करत होते. शेजारीपाजारी काय म्हणत असतील हे सांगायला ज्योतिष लागत नाही.

वेड होतेच. त्यांनी स्वतःच आपली तुलना दारुड्याशी केली आहे. प्यायलेल्याला त्या सुखात राहण्यासाठी जशी आणखी प्यावीशी वाटते, तसे आपले आकड्यांच्या बाबतीत होते, असे ते सांगत. या नशेत त्यांनी जे जे सापडले त्याला नावे ठेवली. ही नावे ठेवण्याची हौस मला त्यांच्या शोधांइतकीच आवडते. मोठे गणिती ग्रीक अक्षरे वापरतात. कापरेकरांनी काय वापरले? डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात, मुंबईपासून तीस मैलांवरच्या त्या स्टेशनात त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या. त्यांतल्या काही अशा: १२१, १२३२१, १२३४३२१. नुसत्या एकांची रांग लावून तिचा वर्ग केला की अशा जिना चढून उतरणाऱ्या संख्या मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. या घराण्याला त्यांनी नाव दिले डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजेच डोंबिवली. न्यूटनला गुरुत्वाकर्षण सुचायला सफरचंदाची बाग लागली. आपल्या माणसाला प्लॅटफॉर्म पुरला. आज सकाळी आठ वाजता डोंबिवली स्टेशनात कुणाला गणित सुचेल असे वाटत नाही, आणि सुचले तरी ते टिपून घ्यायला हात खिशापर्यंत नेता येणार नाही.

दुसऱ्या एका जातीला त्यांनी नाव दिले हर्षद, म्हणजे हर्ष देणाऱ्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पुरा भाग जातो ती हर्षद. अठरा घ्या. एक आणि आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. रामानुजनच्या गोष्टीतल्या त्या टॅक्सीचे १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९. भाग जातो ९१ वेळा. एवढ्याने माणसाला हर्ष होत असे. आम्हांला तो पगारवाढीच्या परिपत्रकानेसुद्धा होत नाही, कारण आम्ही आधी थकबाकीचा परिच्छेद शोधतो.

तिसरी जात स्वयंभू संख्यांची. २१ मध्ये तिचेच अंक मिळवले तर येतात २४. तेव्हा २१ ही २४ ची आई म्हणायला हरकत नाही. पण २० ला आई नाही. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिचे अंक मिळवा, २० काही येत नाहीत. ३१ येत नाहीत, ४२ येत नाहीत. त्र्यंबकेश्वराच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला आईबापाविना असलेल्या गोष्टीला स्वयंभू म्हणावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. या संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. म्हणजे देवळालीने जगाला दोन गोष्टी दिल्या. वेडासाठी शब्द आणि गणितासाठी नाव. दुसरीची गावात कुठे पाटी लागावी असे मला उगाच वाटते.

६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. तिसरी-चौथीतल्या पोराला येणारी वजाबाकी घेऊन देवळालीचे एक शाळामास्तर विद्वानांसमोर उभे राहतात, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. त्या काळचे बरेच भारतीय गणिती त्यांच्या या उद्योगांना हसत. हा पोरखेळ आहे, यात गणित काय आहे, असा सूर होता. हसणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ती अगदीच चुकीची नव्हती. ६१७४ ची करामत आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून आहे. देवाने माणसाला आठच बोटे दिली असती तर आपण आठाच्या पटीत मोजले असते आणि या आकड्याला कुणी विचारले नसते. खऱ्या गणित्याला लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसलेले सत्य हवे असते. आक्षेप वजनदार आहे. पण दहा बोटे असणे हा काही कापरेकरांचा अपराध नव्हे, आणि दहा बोटांच्या माणसांसाठीच ते लिहीत होते.

मोठ्या नियतकालिकांची दारे उघडेनात तेव्हा त्यांनी छोट्या पुस्तिका स्वतःच छापल्या. प्रकाशक म्हणून लेखकच आणि पत्ता देवळालीचा. शाळामास्तराच्या पगारातून आकड्यांच्या पुस्तिका छापायच्या म्हणजे काय, हे महिन्याच्या पंचवीस तारखेला आमच्या काउंटरवर येऊन शिल्लक विचारणारी माणसे चांगली सांगू शकतील. काही लेख मात्र बाहेर गेले. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात १९५५ साली ६१७४ च्या गुणधर्मावर त्यांचे टिपण आले. मद्रासला ज्यात काही दिसले नाही ते न्यूयॉर्कला दिसले. हा अनुभव आपल्याला नवा नाही. योगासनांच्या बाबतीतही असेच झाले.

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. तो आमच्या शाखेतही आला होता. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथे निवृत्तीला टेकलेले एक हेडकॅशियर होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचे आयुष्य जाडजूड लेजरांच्या काळात गेलेले. संध्याकाळी हिशेब जुळेना की सारी शाखा कागद उपसायला लागायची, आणि काका चष्मा कपाळावर ढकलून एवढेच विचारायचे,

"फरक किती?"

"पाचशे चाळीस, काका."

"नवानं भाग जातो?"

"जातो."

"मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. सातशे दहाचे एकशे सत्तर झालेत का बघा."

आणि दहा मिनिटांत कुठल्यातरी चलनावर सातशे दहाचे एकशे सत्तर सापडायचे. शेजारशेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने भाग जातो, हा नियम हिशेब लिहिणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. संगणक आले, लेजरे गेली, पण बोटे अजून आकडे उलटे मारतातच, आणि नऊ अजून चहाडी करतोच.

एका दुपारी गिऱ्हाईक कमी होते तेव्हा मी काकांना ६१७४ करून दाखवले. काकांनी स्वतः तीन वेगवेगळ्या संख्या घेऊन पाहिल्या. तिन्ही वेळा ६१७४. मग त्यांनी विचारले,

"म्हणजे हे गृहस्थ मुद्दाम आकडे उलटे लिहितात आणि फरक काढतात?"

"हो, काका."

"आणि फरक सापडल्यावर?"

"तोही उलटा लिहून पुन्हा फरक काढतात."

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्याकडं असते तर इन्क्रिमेंट थांबलं असतं रे त्यांचं."

पण त्या संध्याकाळी शाखा बंद झाल्यावरही ते एका रद्द स्लिपच्या पाठीवर वजाबाक्या करत बसले होते.

आणि खरे पाहता कापरेकरांच्या वजाबाकीचे इंगित काकांच्या नवातच आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला झेपेल एवढे सांगतो. संख्येतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांचा फरक घ्या आणि त्याला ९९९ ने गुणा. मधल्या दोन अंकांचा फरक घ्या आणि त्याला ९० ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे वजाबाकीचे उत्तर. १७६० मध्ये मोठा ७ आणि लहान शून्य. सात गुणिले ९९९, झाले ६९९३. मधले ६ आणि १. पाच गुणिले ९०, झाले ४५०. बेरीज ७४४३, जी आपली मघाची पहिली वजाबाकी. म्हणजे चार अंकांच्या एवढ्या थाटामाटातून शेवटी दोनच फरक कामाचे. पहिला फरक एकापासून नवापर्यंत काहीही असू शकतो; दुसरा शून्यापासून सुरू होतो आणि पहिल्याच्या वर जाऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर ५४ भरतात. सारख्या अंकांच्या दहा संख्या सोडल्या तर शून्ये लावून लिहिलेल्या चार अंकी संख्या ९,९९०. त्या सगळ्या आत शिरतात आणि पहिल्याच दारातून फक्त ५४ बाहेर पडतात. त्यांतही बऱ्याच जणी त्याच त्या अंकांच्या बनलेल्या. अंक मांडून पाहिले तर वेगळे संच तीसच. दहा हजारांची गर्दी दोन पावलांत तिसांवर. पुढे त्या तिसांना एकेक करून सोडून पाहायचे, आणि तीसच्या तीस ६१७४ ला येऊन मिळतात. एका रविवारच्या दुपारचे काम आहे. हाताने केलेत तर जेवणानंतरची झोप बुडेल, एवढाच तोटा.

चार अंकी संख्यांची ही शिस्त पाहून सगळीकडे असेच असेल असे मात्र समजू नका. तीन अंकी संख्यांनाही एक घर आहे, ४९५. आपला चारसोबीस तिथे तीन वजाबाक्यांत पोचतो: ३९६, ५९४, ४९५. नवे कलम ३१८ घेतले तर ६९३, ५९४, ४९५. पुन्हा तीनच. कायदा बदलला तरी अंतर तेवढेच राहिले. पाच अंकी संख्यांना मात्र एक घर नाही; त्या तीन फेऱ्यांपैकी कुठल्यातरी एकीत सापडतात आणि तिथेच घुमत राहतात. दोन अंकी संख्यांची कहाणी सर्वांत करुण. ३६ घ्या. ६३ वजा ३६, सत्तावीस. मग पंचेचाळीस. मग नऊ. नवाला शून्य लावून ९० वजा ०९, एक्याऐंशी. मग त्रेसष्ट, आणि त्रेसष्टातून पुन्हा सत्तावीस. ही फेरी कधीच थांबत नाही. छत्तीसचा आकडा मिटत नाही हे आपल्या आज्यांना वजाबाकी न करताच कळले होते.

कापरेकरांच्या पत्नी १९६६ साली गेल्या. नंतर ते एकटेच राहिले. राहणी अगदी साधी, तरी पेन्शनीत भागेना, म्हणून ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करत. आकड्यांनी त्यांना सगळे दिले, पण त्या आकड्यांपुढे रुपयाची खूण कधी आली नाही. मग मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांवर लिहिले. जगभरचे गणिती आणि गणितवेडे ते सदर वाचत. गंमत अशी, की स्वतः गार्डनर गणिताचे पदवीधर नव्हते. त्यांची पदवी तत्त्वज्ञानाची. एका हौशी माणसाला दुसरा हौशी माणूस बारा हजार किलोमीटरवरून ओळखू आला. तोपर्यंत कापरेकर सत्तरीला आले होते. ज्यांना पोरखेळ वाटत होता त्यांनाही मग त्यात काही असावे असे वाटू लागले. परदेशी शिक्का उमटला की आपल्याकडे कागदाची किंमत वाढते, हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.

२०२५ साल आले तेव्हा त्यांची आठवण पुष्कळांना झाली. ४५ चा वर्ग २०२५. तो मधोमध तोडा: २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ५५ चा वर्ग ३०२५. तीस आणि पंचवीस, पंचावन्न. ९९ चा वर्ग ९८०१. अठ्ठ्याण्णव आणि एक, नव्व्याण्णव. म्हणजे २०२५ सारखे पुढचे साल ३०२५ आणि त्यापुढचे थेट ९८०१. कॅलेंडरवाल्यांनी नोंद करून ठेवावी. स्वतः ६१७४ ही हर्षदच निघते. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भाग दिला तर येतात ३४३, म्हणजे साताचा घन. त्यातही १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज केली तर नेमके ६१७४ येतात. हे मला एका पासबुकाच्या पाठीवर सापडले, आणि त्या दिवशी मला हर्षद हे नाव थोडे कळले.

कापरेकर १९८६ साली देवळालीलाच गेले. मी दोन्ही साले करून पाहिली. १९०५ ला ६१७४ गाठायला सात वजाबाक्या लागतात, म्हणजे लागू शकतील तितक्या सगळ्या. पहिली ९३५१ आणि दुसरी ८१७२. १९८६ ला सहा लागतात, आणि तिची पहिलीच वजाबाकी ८१७२. तिथून पुढे दोन्ही सालांचा रस्ता एकच आहे: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. आपली सतराशे साठही ७४४३ च्या नाक्यावर याच रस्त्याला लागली होती.